दोन उजवे हात

थोरले दुकानात नक्की काय करतात, असं कोणी विचारलं की धाकटी सांगायची, "अर्थ सांगतात." मग बोटांवरची शाई फडक्याला पुसत जोडायची, "बाकीचं सगळं आम्ही करतो."

दुकान शिक्क्यांचं. रबरी शिक्के, शाळेच्या सदऱ्यावर लावायचे बिल्ले, स्पर्धांच्या ढाली, आणि संस्थांची बोधचिन्हं, म्हणजे हल्ली पोरंसोरंसुद्धा ज्याला लोगो म्हणतात ते. मालक दोघे भाऊ. धाकटा आतल्या खोलीत खिडकीपाशी कोरणी घेऊन बसायचा, इतका वाकून की पाठीला आता कायमचा बाक आला होता. थोरले बाहेर, रस्त्याकडे तोंड करून, दुकानातल्या एकुलत्या एका गादीच्या खुर्चीत. धाकटी म्हणजे त्या धाकट्या भावाची बायको. ती शाई भरायची, माल बांधायची, गिऱ्हाइकांचे तगादे झेलायची आणि दुपारी वर जाऊन तिघांचा स्वयंपाक करायची. थोरल्यांनी लग्न केलं नव्हतं. बायको केली तर ऐकणारं एकच माणूस मिळतं, आणि थोरल्यांना सगळं गाव लागायचं.

गिऱ्हाईक यायचं 'मिळाले' एवढ्याच शब्दाचा शिक्का करून घ्यायला. थोरले त्याला बसवून घ्यायचे.

"लोगो म्हणजे काय, ठाऊक आहे?"

गिऱ्हाईक बिचारं म्हणायचं, "चित्र."

थोरले डोळे मिटून हसायचे. ते हसू धाकटीच्या डोक्यात जायचं. "सगळे तिथेच फसतात. चित्र नव्हे. मूळ शब्द ग्रीक. लोगोस. लोगोस म्हणजे शब्द, बोल, विचार. आधी शब्द, चित्र मागाहून." एवढं बोलून ते खुर्चीत मागे रेलायचे, जणू ग्रीक भाषा त्यांनीच काल संध्याकाळी बसून तयार केली होती. गिऱ्हाइकाला बसची घाई असायची. शिक्का आत तयार होऊन पडलेला असायचा. पण अर्थ पदरात पडल्याशिवाय सुटका नाही.

हे ज्ञान आलं होतं एका बंद पडलेल्या छापखान्याच्या भंगारातून. धाकटा तिथे शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची जुनी अक्षरं, घ्यायला गेला होता. थोरले सोबत गेले आणि एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश उचलून आले. धाकट्याचे खिळे दोन-तीन वर्षांत झिजले. थोरल्यांचा कोश जन्मभर पुरला. भागीदारीत धंदा काढणारे आले की थोरले 'सिम्बॉल' काढायचे: जुन्या ग्रीक काळात दोघेजण एखादी वस्तू तोडून निम्मी निम्मी ठेवायचे, पुढे कधी भेटले की तुकडे जुळवून ओळख पटवायचे, त्यावरून हा शब्द. ऐकणाऱ्याला गहिवरून यायचं. 'बॅज'ची मात्र पंचाईत होती. या शब्दाचा उगम माहीत नाही, असं कोशातच स्वच्छ लिहिलेलं. हे थोरल्यांच्या जिव्हारी लागलं. कोशाला माहीत नाही म्हणून काय आपणही गप्प बसायचं? शाळेचं गिऱ्हाईक आलं की ते बॅजचा उगम कुठल्याशा राजाच्या ढालीत शोधायचे, बेकरीवाला आला की पावावरच्या खुणेत, आणि क्रीडामंडळवाले आले की घोड्याच्या नालात. धाकटी दोऱ्याची गाठ मारता मारता सगळं ऐकायची. एकदा तिने विचारलं, "भावोजी, काल तर ढाल होती ना?" थोरले म्हणाले, "शब्दाला अनेक मुळं असतात, तुला नाही कळायचं." मुळं होती की थापा, तेवढं तिला कळत होतं.

आणखी एक गोष्ट तिला कळली होती, आणि ती तिने कोणाला सांगितली नव्हती. ती नवी नवी घरात आली तेव्हा थोरले लोगोची पूर्ण गोष्ट सांगायचे. हा शब्द शेपूट तोडलेला आहे, सबंध शब्द लोगोटाईप. छापखान्यात एखादं नाव वारंवार लागायचं, तेव्हा अक्षरं एकेक न जुळवता सगळं नाव एकाच तुकड्यात ओतून ठेवायचे, तो लोगोटाईप. त्यातला टाईपही ग्रीक. त्याचा अर्थ ठोका, ठोक्याने उमटलेली खूण. म्हणजे बोल आणि ठोका असे दोन्ही एकत्र. पुढे पुढे थोरल्यांच्या गोष्टीतून ठोका गळाला. ठोका आला की हात आला, आणि हात आला की आतल्या खोलीतला भाऊ आला. बोल तेवढा उरला, आणि बोलणारे थोरले.

हे सगळं सुरू झालं दवाखान्याच्या चिन्हापासून.

दवाखाना गावाने वर्गणीतून उभा केलेला. कमिटीला चिन्ह हवं होतं: ओंजळ आणि ओंजळीत रोपटं. रोपटं का, तर कमिटीला रोपटं हवंच असतं. काम घाईचं होतं. धाकटा लाकडाच्या ठोकळ्यावर कोरायला बसला. उजव्या हातात कोरणी, म्हणून त्याने डावा हात खिडकीच्या उजेडात धरला आणि बघून बघून कोरला. एक हात झाला. दुसरा हात बघायचा कोणाचा? तेव्हा धाकटीच्या लग्नाला चार महिनेही झाले नव्हते. ती पाणी द्यायला आत आली होती. ती म्हणाली, "माझा बघा की." तो कानापर्यंत लाल झाला. बाहेर थोरले बसलेले, मधलं दार उघडं, आणि भर दुपारी बायकोचा हात हातात घेऊन बसायचं म्हणजे काय. तो म्हणाला, "नको, जमतंय." आणि त्याने आपलाच डावा हात दुसऱ्यांदा कोरला.

ठोकळ्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. दोन्ही डावे हात छापल्यावर उजवे झाले. कोणीही आपली ओंजळ करून बघावी, दोन्ही अंगठे बाहेर येतात. या ओंजळीत एक अंगठा बाहेर होता आणि दुसरा मधोमध अडकलेला. धाकट्याने ते पाहिलं तेव्हा दवाखान्याचे सगळे कागद छापून, कापून, गठ्ठे बांधून झाले होते.

थोरल्यांची आधी पाचावर धारण बसली. मग भावाला फैलावर घेऊन झालं. तेवढ्यात कमिटीची माणसं दारात, आणि त्यातल्या एकाने कागद हातात घेऊन भुवई वर केली. "हे दोन्ही उजवेच हात दिसतात." धाकटीला वाटलं, आता हे खापर नवऱ्यावर फोडणार. थोरल्यांनी घसा साफ केला.

"उजवेच आहेत," ते म्हणाले. "मुद्दाम. एका माणसाची ओंजळ ही स्वतःपुरती असते. हे दोन हात दोन माणसांचे आहेत. एक देणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा. दोघे मिळून एक ओंजळ. दवाखाना म्हणजे दुसरं काय?"

कमिटीने कागद पुन्हा हातोहात फिरवला. एकाने चष्मा काढून पुसला. खोटं बोलावं तर असं, हे धाकटीलाही कबूल करावं लागलं, आणि त्याचा तिला आजतागायत राग होता.

तिथून थोरल्यांचं नशीब उघडलं. दोन उजव्या हातांचा अर्थ भाषणांत गेला, शाळेतल्या निबंधांत गेला. थोरल्यांना बोलावणी येऊ लागली. ओळख करून देताना 'बोधचिन्हाचे जनक' असं म्हणायचे, आणि जनक खाली मान घालून ते ऐकून घ्यायचे. चिन्ह कोणी कोरलं, हे गावाने विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं, कारण लोगो म्हणजे शब्द, आणि शब्द कोणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात तर थोरल्यांनीच.

आणि धाकट्याने मिठाची गुळणी धरली ती धरलीच. दवाखान्याच्या रस्त्याने तो जायचा नाही, लांबचा वळसा घ्यायचा. एकदा धाकटीला तापाने तिथे ठेवलं होतं, तेव्हा तो खाटेशेजारी भिंतीवरच्या पाटीकडे पाठ करून बसायचा. "लोकांना आवडतंय ना," ती एकदा म्हणाली. तो म्हणाला, "कारागिराला दिसतं. मला दिसतं. तो अंगठा मला रोज दिसतो."

अशी तीसएक वर्षं गेली, आणि दवाखान्याची नवी इमारत निघाली. पुढे दगडी कमान, कमानीवर दाराएवढं मोठं चिन्ह. थोरले बातमी घेऊन आले ते जेवणाच्या टेबलाशी बसायच्या आधीच बोलू लागले.  दुसऱ्या दिवसापासून काम संपल्यावर धाकटा मागे थांबू लागला. डोळे आता पूर्वीसारखे राहिले नव्हते, बारीक रेघ काढताना भिंग लागायचं. एका संध्याकाळी त्याने बायकोला आत बोलावलं आणि म्हणाला, "हात दे जरा. उजवा."

तिने हात खिडकीत धरला. बाहेर थोरले होते, दार उघडं होतं. यावेळी तो लाजला नाही. त्याचा डावा आणि तिचा उजवा अशी ओंजळ कागदावर आली, दोन्ही अंगठे बाहेर, करंगळ्या एकमेकींना चिकटलेल्या. इतकी साधी आणि इतकी बरोबर, की ती बघून धाकटीला रडूच आलं. तिने शाईचं निमित्त करून डोळे पुसले.

जेवताना त्याने तो कागद थोरल्यांपुढे ठेवला. "दादा, चित्र माझं आहे. चूकही माझी. दगडात जायच्या आधी मला ती दुरुस्त करू दे. एवढंच मागतोय."

थोरल्यांनी कागद पाहिला, उलटा करून पाहिला. घास गिळला. "अरे, हे काय आहे? ओंजळ! ओंजळ काय कोणीही काढेल. गाव ज्याला मान देतं ते दोन उजव्या हातांना."

"ते मी चुकून काढले."

"तू काढलेस, मी नाही कुठे म्हणतो? पण लोगो म्हणजे काय? लोगोस. तुझी ती होती रेघ. तिला अर्थ मी दिला, तेव्हा तिचं चिन्ह झालं. मग ते कोणाचं, तूच सांग."

धाकटीने पातेलं जरा जास्तच जोरात खाली ठेवलं. "भावोजी, टाईप कुठे गेला? ठोका? पूर्वी सांगायचात ना तुम्ही."

थोरल्यांनी तिच्याकडे असं पाहिलं जसं घरातल्या मांजराने ग्रीक बोलावं. "भाजी वाढ," ते म्हणाले. तिने वाढली. रागारागाने, पण वाढली, आणि त्याबद्दल ती स्वतःवरही चिडली.

धाकटा हट्टी नव्हता, पण यावेळी कागद घडी करून तो थेट कमिटीच्या बैठकीला गेला. धाकटीही सोबत गेली. कमिटीचे अध्यक्ष विटांचे व्यापारी होते. प्रत्येक गोष्ट आपल्याला आधीच माहीत होती असा त्यांचा एक चेहरा होता, तो ते बैठकीला घालून यायचे. धाकटा उभा राहिला. उभ्या जन्मात चार माणसांत न बोललेला माणूस, त्याने दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. दोन्ही हात माझ्या एकाच हातावरून काढले. ती चूक होती.

सगळे थोरल्यांकडे वळले. थोरले मायेने हसले.

"माझा भाऊ," ते म्हणाले. "पहिल्यापासून असाच. स्वतःकडे कमीपणा घेणार."

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. असा नम्र कारागीर आजकाल कुठे बघायला मिळतो, असं कोणीतरी म्हणालं. धाकटा हातात कागद धरून तसाच उभा, आणि टाळ्या संपेनात. धाकटीला वाटलं, या सगळ्यांच्या कपाळावर एकेक शिक्का मारावा, आणि त्यावर काय लिहायचं तेही तिला सुचलं. खरं बोललेलं माणसाच्या तोंडावर गोड म्हणून परत फेकता येतं, हे तिने त्या दिवशी पाहिलं.

कमान ठरली. दोन उजवे हात ठरले.

दगडाच्या कामाला बाहेरून एक पाथरवट आणला होता. अंगाने वाळका, तोंडाने फटकळ. त्याने छापील चिन्ह हातभर लांब धरून पाहिलं आणि म्हणाला, "एवढ्या लहान चित्रावरून एवढा मोठा हात केला तर हातमोजा दिसेल. मला खरे हात द्या. उजवे दोन. समोर बघून करतो."

थोरल्यांना आनंद लपवता येईना. त्यांनी कमिटीला सांगून टाकलं की एक हात माझा, एक माझ्या भावाचा, याहून योग्य काय असणार. धाकट्याला कोणी विचारलं नाही. तो आला, कारण बोलावलं होतं. घराण्याची रीतच तशी होती, एकाने ठरवायचं आणि दुसऱ्याने यायचं.

पाथरवटाने दोघांना सावलीत शेजारी शेजारी उभं केलं. दोन उजवे हात ओंजळीसारखे कडेला कड लावून धरलेले, डावीकडे थोरल्यांचा, उजवीकडे धाकट्याचा. थोरल्यांच्या बोटात ठळक खड्याची अंगठी. "ही काढू का?" त्यांनी विचारलं, काढायची नाही अशा बेताने. "राहू द्या," पाथरवट म्हणाला. "मी बघतो ते करतो. अर्थबिर्थ मला समजत नाही, आणि तो माझ्या मजुरीत धरलेलाही नाही."

धाकटी रोज त्यांना चहा घेऊन जायची. तिथे तिला एक सुख मिळालं. थोरल्यांनी तोंड उघडलं की हाताची जागा बदलायची, कारण ते हाताशिवाय बोलूच शकत नव्हते. पाथरवट छिन्नी खाली ठेवून म्हणायचा, "गप्प उभे राहा हो." दोन दिवसांत थोरले गप्प राहायला शिकले. सकाळच्या सकाळ गप्प. खांदा भरून यायचा, कपाळावर घाम यायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात कामाला लागला होता, आणि काम काय, तर नुसतं वर धरून उभं राहायचं. तेही त्यांना झेपत नव्हतं. शेजारी धाकट्याचा हात दगडासारखा स्थिर. त्याच्या अंगठ्याचं टोक रबर तापवायच्या यंत्रात कधीच गेलेलं, तळव्याला कोरणीचे घट्टे, बोटांच्या पेरांत न निघणारी शाई.

तशाच एका सकाळी धाकट्याने मान न वळवता म्हटलं, "दादा, अजून वेळ आहे. तू म्हणालास तर एक डावा करता येईल."

थोरल्यांना बोलायची बंदी होती. पण मान हलवायला कोणी बंदी केली नव्हती. त्यांनी ती हलवली नाही. ते समोर बघत राहिले, आणि धाकटीने कप उचलले.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. अंगणात खुर्च्या, एका बाजूला फळ्या जोडून केलेलं व्यासपीठ, त्यावर अध्यक्ष आणि थोरले. धाकटा आणि धाकटी खाली तिसऱ्या रांगेत. दोरी ओढली, कापड खाली आलं.

पाथरवटाने शब्द पाळला होता. दिसलं ते केलं होतं, कमी नाही आणि जास्त नाही. डावीकडे भरलेला, लुसलुशीत तळवा, उशीसारखा, बोटात अंगठी, खड्यासकट. उजवीकडे झिजलेला, घट्ट्यांचा, तुटक्या अंगठ्याचा. गावातल्या प्रत्येकाने त्या दुकानातून कधी ना कधी शिक्का नेलेला होता. कोणाचा हात कोणता, हे सांगायला पाटी लागत नव्हती. खुर्च्यांमधून कुजबूज गेली, आणि कुठेतरी कोणीतरी 'अंगठी, अंगठी' म्हणालं.

थोरले माईककडे सरकले. पण अध्यक्षांचा उत्साह दांडगा. त्यांनी माईक आधीच धरला होता, आणि आपल्याला कळलंय हे दाखवायची संधी ते सोडणार नव्हते.

"इतकी वर्षं ऐकतोय आपण," ते म्हणाले. "एक हात देणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा. आज दगडात बघा कसं स्पष्ट झालंय. हा राबलेला हात, हा देणाऱ्याचा. आणि हा," त्यांनी अंगठीकडे बोट केलं, "हा घेणाऱ्याचा. वा!"

 मग मागच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं, आणि ते हसू पुढे पुढे सरकत आलं.

"उलट," थोरले म्हणाले. त्यांनी माईक घेतला. "उलट आहे. गुळगुळीत हात देणाऱ्याचा. सुखवस्तू माणूस देतो, आणि कष्टकरी, गरजू..."

"अहो," अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "राबल्याशिवाय देणार कुठून? उगाच काय?" विटांच्या व्यापाऱ्याचा तो साधा हिशेब होता, त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच लोक आता उघड हसले.

धाकटी बघत होती.  ज्यांच्यापाशी प्रत्येक गोष्टीला अर्थ तयार असायचा, त्या थोरल्यांना स्वतःच्या हाताला अर्थ सापडेना. ते दगडाकडे बघत, लोकांकडे बघत. मग त्यांनी जे केलं ते करायला अशाच माणसाचं काळीज लागतं.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "चित्र काही माझं नाही. ते यानेच काढलंय. पहिल्यापासून यानेच काढलंय. विचारा याला." आणि त्यांचं बोट तिसऱ्या रांगेकडे.

हे वाक्य ऐकायला धाकटी इतकी वर्षं थांबली होती. कसं येईल, कुठे येईल, तेव्हा आपण काय घातलेलं असेल, इथपर्यंत तिने मनात रंगवलेलं. आणि आलं ते असं, काखा वर करताना. तिला थुंकावंसं वाटलं.

धाकटा उठला. माईक त्याच्यापाशी नव्हता, पण अंगण एव्हाना इतकं शांत होतं की गरजच पडली नाही.

"दोन्ही हात माझ्या डाव्या हातावरून काढले होते," तो म्हणाला. "छापताना उजवे झाले. ती चूक होती. मला ती दुरुस्त करायची होती, दादाने करू दिली नाही. अर्थ त्याने नंतर लावला." मग म्हणाला, "चित्र माझंच आहे," आणि खाली बसला.

यावेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्ष कमानीकडे वळले आणि त्यांनी आपली ओंजळ करून पाहिली, मग झटकन हात खिशात घातले. अंगणभर माणसं मांडीवर ओंजळी करून बघत होती. पोरं तर हात वर करून एकमेकांना अंगठे दाखवत होती.

थोरले माईकपाशी उभे होते. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, आणि याची त्यांना सवय नव्हती. ते वळले आणि समारंभ संपायच्या आतच व्यासपीठावरून खाली यायला निघाले. फळ्यांच्या पायऱ्या तात्पुरत्या, धरायला काही नाही, आणि त्यांचे गुडघे गेलेले. पहिल्या पायरीवर एक पाय पुढे करून ते चाचपडत राहिले. पाय टेकेना, मागेही घेता येईना. सगळं गाव बघत होतं आणि कोणी उठत नव्हतं. उठू नयेच, असं धाकटीला मनापासून वाटत होतं. थोडा वेळ तसंच राहू दे. थोडं कळू दे.

शेजारची खुर्ची सरकली. तिचा नवरा उठून गेला होता. त्याने पायरीशी उभं राहून हात वर केला, थोरल्यांनी तो घट्ट धरला, आणि एकेक पायरी करत तो त्यांना खाली घेऊन आला. मग त्याने त्यांना आपल्या खुर्चीवर, धाकटीच्या शेजारी आणून बसवलं आणि स्वतः बाजूला उभा राहिला. थोरले धापा टाकत होते. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "जरा पाणी असेल तर बघ."

तिला दोघांचाही भारी राग आला, आणि नवऱ्याचा जास्त. ती उठली आणि पाणी आणायला गेली.